गट नंबर पाठ होता, रक्त किती ते माहीत नव्हतं

(कारंजा (घाडगे) इथे वनहक्क दाव्यांच्या बैठकीनंतर बायांची वेगळी सभा झाली. त्या सभेत संघटनेच्या बायांनी केलेलं हे बोलणं. ज्या गावांतून कुणी येऊ शकलं नाही त्यांच्यासाठी उतरवून देत आहोत. गावच्या बैठकीत वाचून दाखवा.)

 

दाव्यांचं बोलून झालं. मोजणी कुणाची राहिली, ग्रामसभेचा ठराव कोणत्या गावाचा अपुरा आहे, आर्वीला उपविभागीय समितीकडून कोणाचे कागद परत आले, सगळं झालं. आता आम्हाला एका लाल गोळीबद्दल बोलायचं आहे. भावांनो, हे बायांचं काम आहे म्हणून बिडी प्यायला बाहेर जाऊ नका. बसा. तुमच्याशीही बोलायचं आहे.

आधी आमची स्वतःची चूक सांगतो. एका गावात जबरानजोतीच्या वावरांची मोजणी चालू होती. त्या कुटुंबाची बाई पाचव्या महिन्यात होती. वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो, म्हणून आम्हीच तिला आग्रहाने बोलावलं होतं. चारही कोपऱ्यांवर ती आमच्यासोबत चालली. तिसऱ्या कोपऱ्यावर धुऱ्यावर बसली. म्हणाली, घेरी आली, उन्हाची. आम्ही तिला मीठ-साखरेचं पाणी दिलं, पळसाच्या सावलीत बसवलं आणि चौथा कोपरा मोजून घेतला. आम्हाला घाई होती. दिवस मावळायच्या आत दुसऱ्या दोन वावरांत जायचं होतं.

चार महिन्यांनी तिचं बाळंतपण झालं. लेकरू झाल्यावर रक्त थांबेना. गाडी बोलावली, दवाखान्यात नेलं. तिथे तपासलं तर रक्त पाचच्या आसपास. अकराच्या वर पाहिजे, तिथे पाच. तीन पिशव्या रक्त लागलं. आपल्याच तीन पोरांनी दिलं, त्यातला एक सुईला इतका भ्यायचा की डोळे मिटून पडला होता. बाई वाचली. लेकरू पावणेदोन किलोचं झालं, पण जगलं. तिला विचारून हे सांगतो आहोत, नाव मात्र सांगत नाही.

पंधरा-वीस दिवसांनी आम्ही तिच्या घरी गेलो. तिच्या सासूने कोठीमागून एक डबा काढला आणि आमच्यापुढे ठेवला. त्यात लाल गोळ्यांची पानं होती. आम्ही मोजली. अकरा पानं भरलेली आणि एका पानात दोन गोळ्या. म्हणजे १२० मिळाल्या होत्या आणि तिने ८ खाल्ल्या होत्या. आठ दिवस घेतली, मळमळ झाली, संडास काळी झाली, भ्याली आणि सोडली. कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. वहीत १२० वाटल्याची नोंद होती, ती खोटी नव्हती.

तिच्या वावराचा गट नंबर आम्हाला पाठ होता. धुरा कुठून कुठे जातो ते आम्ही अंधारात सांगू शकलो असतो. तिच्या अंगात रक्त किती हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. म्हणून हा विषय आज सभेत घेतला.

बाई पोटाशी राहिली की तिच्या अंगातलं रक्त वाढतं, शेवटी शेवटी जवळपास दीडपट होतं. लेकराला पोसायचं असतं म्हणून शरीर तशी तयारी करतं. पण त्यात पाणी लवकर वाढतं, आणि रक्ताला लाल करणारा जो भाग आहे तो लोहाशिवाय वाढत नाही. वरणात पाणी ओतलं आणि डाळ तेवढीच ठेवली तर काय होते ते तुम्हाला माहीत आहे. पूर्ण नऊ महिन्यांत बाईला साधारण एक ग्रॅम लोह जास्तीचं लागतं. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर. पण भाजी-भाकरीतलं लोह अंगाला फार थोडं लागतं, बाकीचं तसंच बाहेर जातं. त्यामुळे "भाजी खा, रक्त वाढेल" हे नुसतं म्हणून भागत नाही. आधीच ज्या बाईचं रक्त कमी, तिची डाळ पहिल्या दिवसापासूनच कमी आहे.

आणि आधीच कमी असणाऱ्या बाया किती? सरकारच्याच पाहणीत, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायांचं रक्त कमी निघालं. गरोदर बायांत शंभरात जवळपास ४६. हा पूर्ण राज्याचा आकडा आहे, त्यात मुंबई-पुण्याच्या खात्यापित्या घरच्याही बाया आल्या. आपल्या पाड्यांवर काय असेल याचा अंदाज तुम्हीच करा. कापूस वेचता वेचता दम लागणे, पाण्याची गुंडी डोक्यावर घेऊन दोनदा थांबणे, जीभ गुळगुळीत होणे, माती नाहीतर कच्चे तांदूळ खावेसे वाटणे, हे आपण रोजचंच समजतो. बाईचं शरीरच असं, म्हणतो. ते तसं नाही.

रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात थोडं रक्त गेलं तरी ते सोसत नाही. चांगल्या रक्ताची बाई जेवढ्यातून उठून बसते, तेवढ्यात ही जाते. लेकरू कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं होऊ शकतं.

ही गोळी वाटायचा कार्यक्रम आपल्या देशात १९७० पासून आहे, म्हणजे आज इथे बसलेल्या बहुतेक जणींच्या जन्माआधीपासून. पूर्वी १०० गोळ्या द्यायचे. २०१८ मध्ये ॲनिमिया मुक्त भारत सुरू झालं, तेव्हापासून नियम असा: चौथा महिना लागला की रोज एक लाल गोळी, १८० दिवस. आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस रोज एक. हे दुसरे १८० दिवस आपल्याकडे कुणालाच माहीत नसतात. लेकरू झालं की गोळी संपली असं समजतो, आणि रक्त तर बाळंतपणातच गेलेलं असतं. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. पहिल्या तीन महिन्यांत लाल गोळी नसते, तेव्हा नुसत्या फॉलिक ॲसिडची छोटी गोळी असते.

ती छोटी गोळी कायले, असं एका बाईने मघा विचारलं. लेकराचा कणा आणि मेंदू पहिल्या महिन्यातच जुळतो, आपल्याला दिवस गेले हे कळायच्या आधी. फॉलिक ॲसिड कमी पडलं तर कण्यात फट राहू शकते. म्हणून पाळी चुकल्यावर लाजून तीन महिने लपवू नका. पहिल्याच महिन्यात आशाताईला सांगा. नवीन लग्न झालेल्या पोरींनी तर दिवस जायच्या आधीपासूनच ही गोळी मागायची.

आणि हे फॉलिक ॲसिड सापडलं कुठे, ते ऐका. मुंबईत. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईला आली. गरीब गरोदर बाया, त्यांत गिरणीत काम करणाऱ्याही होत्या, रक्त कमी होऊन मरत होत्या, त्याचं कारण शोधायला तिला बोलावलं होतं. लोकांना वाटायचं जंतू असतील. तिने बायांची घरं पाहिली, त्या काय खातात ते पाहिलं, आणि म्हणाली की हे खाण्यातलं आहे. मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त काळा लगदा तिने त्या बायांना दिला आणि त्यांचं रक्त सुधारलं. १९३१ मध्ये तिने ते छापलं. त्या लगद्यात नेमकं काय आहे ते पुढे दहा वर्षांनी कळलं, पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं, आणि पानावरून त्याचं नाव पडलं. आज जगभरच्या गरोदर बाया ही गोळी खातात, ती मुंबईच्या गरीब बायांच्या रक्तातून आली आहे. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, हा भाग वेगळा.

आता भीतीचं बोलू. गावोगाव हेच ऐकायला मिळते: "गोळी खाल्ली की लेकरू मोठं होते अन् मंग बाहेर येत नाई." बायांनो, या भीतीला आम्ही हसत नाही. दवाखाना दूर, रस्ता नाही, अडलेली बाई बैलबंडीत गेलेली तुम्ही पाहिलेली आहे. पण गोळीने लेकरू राक्षसासारखं वाढत नाही. ते व्हायला पाहिजे तेवढं होतं. पावणेदोन किलोचं लेकरू सहज बाहेर येतं, पण त्याला जगवणं किती कठीण असतं ते त्या बाईला विचारा.

एका गावात एका बुढीने आम्हाला गप्प केलं. म्हणाली, "आमाले आठ झाले, एक गोळी नाई खाल्ली." आम्ही काही बोलणार तेवढ्यात तिच्या सुनेनेच विचारलं, "अन् राहिले किती, मामीजी?" बुढी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "चार." आणि त्या दिवसापासून तीच सुनेला रोज गोळी देते, स्वतः पाण्याचा गिलास घेऊन.

संडास काळी होते, ती लोहामुळे. अंगाला न लागलेलं लोह बाहेर पडतं, त्यात भिण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रिकाम्या पोटी घेऊ नका, रात्री जेवण झाल्यावर झोपायच्या आधी घ्या, बहुतेकींची मळमळ झोपेत निघून जाते. पोट घट्ट होत असेल तर पाणी जास्त प्या. लेकरू काळं होतं म्हणतात, तेही खरं नाही. लेकराचा रंग मायबापाचा असतो, गोळीचा नाही. आणि आमच्यासारखं काळं झालं तर कुणाचं काय बिघडलं?

चहासोबत मात्र गोळी घेऊ नका. चहा लोहाला अंगाला लागू देत नाही. गोळी आणि चहा यांत दोन तास तरी जाऊ द्या. पांढरी कॅल्शियमची गोळीही मिळते, तीही लाल गोळीसोबत एकाच वेळी नको. कॅल्शियम दिवसा जेवताना, लाल गोळी रात्री, असं ठेवलं की गोंधळ होत नाही. आंबट फळ उलट मदत करतं. आपण तर संत्र्याच्या मुलखात राहतो. आंबियाच्या बहाराला संत्रा तोडायला, पेट्या भरायला बायाच जातात. मालकाच्या वाडीतली एक संत्रा तोंडात टाकली तर रोजी कापतील अशी भीती, आणि घरी लेकराला द्यायला एक फोड नसते. पण लिंबू घरोघरी होतं, जंगलात आवळा आहे, बोरं आहेत. जेवणात ते घ्या. त्यामुळे भाजीतलं लोहही जास्त लागतं.

एक फार महत्त्वाचं. ही गोळी लाल, गोड वेष्टनाची, लेकरांना चॉकलेटसारखी दिसते. लहान लेकराने मूठभर खाल्ली तर ते मरू शकतं. खाली डब्यात ठेवू नका, उंच आढ्याला टांगून ठेवा. लेकराने खाल्ल्याचा संशय आला तर उलटीची वाट न पाहता तडक दवाखाना गाठा.

सिकलसेलबद्दल नीट ऐका, कारण आपल्या विदर्भात आणि आपल्या समाजात हा आजार आहे आणि त्याच्यावरून गोळीची मोठी अफवा आहे. सिकलसेलचे दोन प्रकारचे लोक असतात. एकाला तो माय किंवा बाप, एकाच बाजूने आलेला असतो. तो वाहक, त्याला सहसा त्रास नसतो. वाहक बाईने लाल गोळी इतर बायांसारखीच घ्यायची. दुसऱ्याला तो दोन्ही बाजूंनी आलेला असतो, अंग ठणकतं, वारंवार रक्त चढवावं लागतं. तो रुग्ण. अशा बाईला फॉलिक ॲसिड रोज लागतं, पण लोहाची गोळी डॉक्टरने तपासून सांगितल्यावरच घ्यायची, कारण चढवलेल्या रक्तातून तिच्या अंगात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं. म्हणून ज्यांना आपलं कार्ड कोणतं ते माहीत नाही त्यांनी तपासणी करून घ्या, नवऱ्याचीही करा. "सिकलसेल आहे, गोळी बंद" असं ऐकून वाहक बायांनी गोळ्या फेकल्याचं आम्ही पाहिलं आहे.

रक्त तपासल्यावर आकडा कार्डावर लिहिला का ते बघा. वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या. ११ किंवा जास्त असेल तर रोज एक गोळी. ७ ते ११ च्या मध्ये असेल तर रोज दोन, आणि महिन्याने पुन्हा तपासायचं. महिनाभर गोळ्या घेऊनही आकडा एकनेही वाढला नाही तर मोठ्या दवाखान्यात जायचं, दुसरं काही कारण असेल. पोटात जंत असतील, हिवताप असेल. जंताची गोळी तीन महिन्यांनंतर गरोदर बाईलाही देतात. ७ च्या खाली असेल तर गोळीवर बसू नका, दवाखान्यातच उपचार लागतात, सलाइनमधून लोह देतात, लागलं तर रक्त. शेवटच्या तीन महिन्यांत ७ च्या खाली असेल तर त्याच दिवशी निघायचं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांना डॉक्टर फुकट तपासतात. बाळंतपण, तपासण्या, औषध, रक्त, गाडी हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट आहे, २०११ पासून. कुणी पैसे मागितले तर पावती मागा आणि आम्हाला सांगा.

आता भावांनो, तुमचं. गोळी खाणारी बाई सहाव्या-सातव्या महिन्यात निंदणाला वाकते, मोहाच्या दिवसांत पहाटे चार वाजता टोपलं घेऊन निघते, घरी येऊन सगळ्यांना वाढते आणि उरलं तर खाते. तुम्हाला मटण, तिला रस्सा. मासोळ्या, खेकडं, अंडं घरात आलं तर पहिलं ताट तिचं. त्यातलं लोह भाजीतल्यापेक्षा अंगाला जास्त लागतं. गोळी आणून देणं आणि खाल्ली का विचारणं हे सासूचं नाही, नवऱ्याचं काम आहे असं आम्ही म्हणतो.

आणि गोळी म्हणजे सगळं नाही, हेही आम्हाला सांगायचंच आहे. तरोट्याची भाजी, अंबाडी, कुड्याची फुलं, जंगलातल्या भाज्या, ही आपल्या बुढ्यांची औषधं होती. बोरचं जंगल १९७० मध्ये अभयारण्य झालं, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. तेव्हापासून आपल्या बाया त्याच जंगलात भाजीला गेल्या तर चोर ठरतात. सामूहिक वनहक्काचा दावा आपण करतो तो नुसता डिंक आणि तेंदूपानासाठी नाही, या भाज्यांसाठीही आहे. दाव्याच्या यादीत भाज्यांची नावं लिहा. बहुतेक गावांनी ती लिहिलीच नाहीत, कारण यादी करायला बायांना बसवलं नव्हतं.

दुसरं म्हणजे, अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत गरोदर बाईला अंगणवाडीत रोज एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं, अमृत आहार योजनेत. गडचिरोलीत मिळतं, मेळघाटात मिळतं. आपला वर्धा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. त्यामुळे गोंड बाई धारणीला राहिली तर तिला जेवण, कारंजाला राहिली तर नाही. रक्त तर दोघींचं सारखंच कमी. हे मागणीपत्रात घालायचं असं आजच्या सभेत ठरलं आहे. जेवण मिळायला वेळ लागेल. गोळी मात्र आज मिळते. अंगणवाडीत नसेल तर उपकेंद्रात मागा, तिथे नसेल तर तारीख लिहून ठेवा, दोनदा नसेल तर ग्रामसभेत विचारा की गोळ्या का नाहीत. नर्सबाईशी भांडू नका, तिला वरून आल्या नसतील तर ती कुठून देणार? ठराव करा, ठरावाची प्रत वर पाठवा. दाव्यांसाठी आपण हेच करतो.

संघटनेनेही काही ठरवलं. मोर्चात, मोजणीत गरोदर बाई आली तर तिला उन्हात चालवायचं नाही, सही लागली तर कागद तिच्याकडे न्यायचा. गावच्या प्रत्येक बैठकीत एक बाई फक्त हेच विचारेल: कोण पोटाशी आहे, कोण ओली बाळंतीण आहे, रक्त किती, कालची गोळी घेतली का. किती वाटल्या ते विचारायचं नाही. रिकामं पान दाखवायला सांगायचं.

पुढच्या बैठकीला येताना दाव्याची पावती आणा, आणि ज्या घरात गरोदर किंवा बाळंतीण बाई आहे त्यांनी तिचं माता-बाल कार्डही आणा. दोन्ही एकाच पिशवीत ठेवा, म्हणजे हरवणार नाही.